आवर्त सारणीतील हीलियमचे स्थान

आवर्त सारणी : सर्व ज्ञात मूलद्रव्ये त्यांच्या अणुक्रमांकांच्या चढत्या क्रमाने आडव्या ओळींत मांडून, गुणधर्मांत साम्य असलेली मूलद्रव्ये एकाखाली एक येतील अशा बेताने त्या ओळी तोडल्या, म्हणजे जो तक्ता तयार होतो त्यास आवर्त सारणी म्हणतात. आडव्या ओळीस ‘आवर्त’ व उभ्या स्तंभास ‘गट’ ही संज्ञा आहे. सध्याच्या सारणीत ७ आवर्त, १८ गट व ११८ मूलद्रव्ये आहेत. या सारणीतील दुसरे मूलद्रव्य हीलियम हे असून त्याचा पहिला माग दक्षिण महाराष्ट्रावरून गेलेल्या एका खग्रास सूर्यग्रहणात लागला. त्याला सारणीत जागा मिळण्यास मात्र तीस वर्षांहून अधिक काळ लागला. सारणी कोणत्या तत्त्वावर रचलेली आहे, हे या विलंबाच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याच्या इतिहासावरून होत नाही.

अशा प्रकारची मांडणी मराठी वाचकास अपरिचित नाही. वर्णमालेतील क-वर्गापासून प-वर्गापर्यंतची पंचवीस व्यंजने पाच ओळींत लिहिली, तर प्रत्येक ओळीतील वर्णांचे उच्चारस्थान एकच असते आणि प्रत्येक स्तंभातील वर्णांचा उच्चारप्रकार सारखा असतो. ख, छ, ठ, थ, फ हे पाचही वर्ण निरनिराळ्या स्थानी उच्चारले जातात. परंतु ते सर्व कठोर व महाप्राण आहेत. या तक्त्यातील एखादे घर पुसून टाकले, तरी त्याच्या वरच्या, खालच्या व बाजूच्या वर्णांवरून तेथील वर्ण कसा उच्चारला जात असेल हे सांगता येते. आवर्त सारणीचे सामर्थ्य नेमके यातच आहे. फरक एवढाच की, वर्णमाला रचणाऱ्यांना सर्व ध्वनी आधीच ठाऊक होते. मूलद्रव्यांची सारणी रचणाऱ्यांना सर्व घरे भरता येत नसताना तिचा आकार ठरवावा लागला.

१८६८ चे ग्रहण : जी. आर. किरखोफ व आर. डब्ल्यू. बन्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९ च्या सुमारास असे दाखविले की, प्रत्येक मूलद्रव्य तप्त वायुरूपात स्वतःच्या ठराविक रंगरेषा देते; तेव्हा वर्णपटातील रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येते. याच पद्धतीने १८६० मध्ये सीझियम व १८६१ मध्ये रुबिडियम ही मूलद्रव्ये उजेडात आली. जे द्रव्य हातात घेता येत नाही त्याचेही रासायनिक परीक्षण आता शक्य झाले. खग्रास ग्रहणात सूर्यबिंबाच्या कडेवर ज्या तांबूस ज्वाला दिसतात त्या कशाच्या आहेत, या प्रश्नाकडे साहजिकच ज्योतिर्विदांचे लक्ष लागले आणि १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतात दिसणाऱ्या ग्रहणासाठी तयारी सुरू झाली.

त्या दिवशी सकाळी चंद्राची छाया अरबी समुद्रावरून कोकण किनाऱ्यावर आली. विजयदुर्गचा परिसर, सह्याद्री ओलांडल्यावर कोल्हापूर, पुढे कृष्णाकाठची जमखंडी व विजापूर आणि पूर्वेस गुंटूर व मछलीपटनम ही सर्व ठिकाणे खग्रास पट्ट्यात होती. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी राजाराम महाराज (मृत्यू १८७०) होते. जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान होते. आज हे गाव कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मोडते. लंडनच्या रॉयल सोसायटीने दिलेली उपकरणे घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल हे जमखंडीस आले होते. ते सर्वेक्षण खात्यातील अधिकारी असून विख्यात ज्योतिर्विद विल्यम हर्शेल यांचे नातू होत. ऑगस्ट हा या भागात पावसाचा महिना. आकाशात ढग होते आणि ग्रहणाच्या पाचएक मिनिटांपैकी बराच वेळ ढगांनी खाल्ला. तरी मधल्या उघडिपीत हर्शेल यांना ज्वालेच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हे त्यावरून ठरले. नारिंगी रेषा सोडियमचीच असावी, असे त्यांनी मानले. सोडियमच्या दोन रेषा ५,८९० व ५,८९६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या आहेत; हर्शेल यांना दिसलेली रेषा ५,८७६ अँगस्ट्रॉमच्या जागी होती. ढगांच्या फटीतून, घाईने केलेल्या मोजणीत एवढे अंतर निसटावे यात नवल नाही. मछलीपटनम येथे मद्रास वेधशाळेचे एन. आर. पॉगसन यांनीही ही रेषा पाहिली व ती सोडियमच्या रेषेच्या जागी किंवा तिच्याजवळ आहे अशी नोंद केली.

गुंटूर येथे फ्रेंच ज्योतिर्विद पी. जे. सी. झांसेन हे होते. रेषा इतक्या तेजस्वी आहेत की, त्या पाहण्यासाठी ग्रहणाची गरजच असू नये, असे त्यांना ग्रहण चालू असतानाच वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी भर उन्हात त्यांनी वर्णपटदर्शक सूर्याच्या कडेवर धरला आणि त्या रेषा पुन्हा पाहिल्या. हीच युक्ती इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉक्यर (१८३६–१९२०) यांना स्वतंत्रपणे सुचली होती. त्यांनी मागविलेले उपकरण उशिरा हाती आले आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधून त्यांनी ज्वालांच्या रेषा पाहिल्या. दोघांचे वृत्तांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबर रोजी एकाच बैठकीत वाचले गेले. पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले. पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, हे लॉक्यर यांनी नंतरच्या शांतपणे केलेल्या मोजण्यांत निश्चित केले. झांसेन यांनी नव्या मूलद्रव्याचा दावा कधीच केला नव्हता. हीलियमचा शोध त्यांनी गुंटूर येथे लावला असे जे सरसकट लिहिले जाते ते काटेकोरपणे बरोबर नाही.

विजयदुर्गविषयीची आख्यायिका : लॉक्यर यांनी १८६८ चे ग्रहण विजयदुर्ग किल्ल्यावरून पाहिले व तेथेच हीलियमचा शोध लागला, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ किंवा ‘कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे त्याची खूण म्हणून दाखविले जातात आणि १८ ऑगस्ट हा दिवस तेथे हीलियम दिन म्हणून साजरा होतो. लॉक्यर १८६८ मध्ये भारतात आले नव्हते. ते १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी मलबार किनाऱ्यावरील बेकल येथे आले आणि विजयदुर्ग येथे त्यांची मोहीम उतरली ती २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी. ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. किल्ल्यावरील चौथऱ्यांचा संबंध या मोहिमेशी जोडणे अधिक सयुक्तिक ठरते. तोवर हीलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षे होत आली होती. आख्यायिकेने दोन ग्रहणे व एक माणूस यांची गल्लत केली असली, तरी १८६८ ची छाया विजयदुर्ग व कोल्हापूर या प्रदेशांवरून गेली, ही गोष्ट खरीच आहे. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे १८९८ च्या ग्रहणाचेही आवर्त सारणीच्या इतिहासाशी नाते आहे, फक्त ते वेगळ्या रेषेच्या द्वारे.

पिवळ्या रेषेच्या अज्ञात जनकाला सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून ‘हीलियम’ हे नाव पडले आणि १८७१ मध्ये विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी एडिंबरो येथील अध्यक्षीय भाषणात ते जाहीरपणे उच्चारले. लॉक्यर यांना रसायनशास्त्राच्या कामी साहाय्य करणारे एडवर्ड फ्रँकलंड यांची मात्र या नावास तयारी नव्हती. बहुतेक रसायनशास्त्रज्ञ त्यांच्याच बाजूचे होते. एका रेषेवाचून ज्याचा दुसरा पुरावा नाही, ज्याचा अणुभार माहीत नाही व ज्याचे एकही संयुग नाही, अशा द्रव्यास मूलद्रव्य म्हणण्यास ते तयार नव्हते.

मेंडेलेव्ह यांची सारणी : ग्रहणानंतर सहा महिन्यांनी, मार्च १८६९ मध्ये, रशियन रसायनशास्त्रज्ञ द्‌मित्री इव्हानव्हिच मेंडेलेव्ह (१८३४–१९०७) यांनी आपली पहिली सारणी प्रसिद्ध केली. त्या वेळी ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. त्यांचे वर्गीकरण करण्याचे प्रयत्न अगोदरही झाले होते. जर्मनीत जे. डब्ल्यू. डबेराइनर यांना काही मूलद्रव्यांची त्रिकुटे आढळली होती. त्रिकुटातील मधल्याचा अणुभार कडेच्या दोहोंच्या सरासरीइतका असे. इंग्लंडमध्ये जॉन न्यूलँड्स यांनी १८६५ मध्ये असे दाखविले की, अणुभाराच्या क्रमाने मोजत गेल्यास दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे असते. भारतीय संगीतातील सप्तकाचे उदाहरण येथे चपखल बसते. सा पासून नी पर्यंत सात स्वर झाले की, आठवा स्वर पुन्हा सा असतो. रसायनशास्त्राला संगीताची उपमा दिल्याबद्दल न्यूलँड्स यांची थट्टा झाली. मूलद्रव्यांची नावे वर्णानुक्रमे लावून पाहिलीत काय, असे त्यांना भर सभेत विचारण्यात आले. आज मागे वळून पाहता त्यांच्या ‘सात’ या संख्येत एक मौज दिसते. खरे अंतर आठ मूलद्रव्यांचे आहे. प्रत्येक सप्तकातील एक स्वर कोणी ऐकलेलाच नव्हता.

मेंडेलेव्ह व त्यांच्याच सुमारास असेच काम करणारे जर्मन शास्त्रज्ञ लोटार मायर यांनीही अणुभार हाच क्रम मानला. मेंडेलेव्ह यांचे वैशिष्ट्य असे की, अणुभार व गुणधर्म यांचा मेळ बसेना तेव्हा त्यांनी गुणधर्मांचा कौल मानला. टेल्यूरियमचा अणुभार आयोडिनापेक्षा अधिक असूनही त्यांनी टेल्यूरियम आधी ठेवले. कारण आयोडिनाची जागा क्लोरीन व ब्रोमीन यांच्या खालीच असली पाहिजे. आणि जेथे योग्य मूलद्रव्य सापडेना तेथे त्यांनी घर मोकळे सोडले. त्या घरांतील भावी रहिवाशांना त्यांनी संस्कृत संख्यावाचकांनी नावे दिली. ॲल्युमिनियमनंतर एक घर खाली ते ‘एक-ॲल्युमिनियम’, तसेच ‘एक-बोरॉन’ व ‘एक-सिलिकॉन’. सारणीच्या रचनेमागे पाणिनीय वर्णव्यवस्थेची प्रेरणा असावी, असा तर्क काही भाषाभ्यासकांनी केला आहे. नावांतील ‘एक’ संस्कृत आहे हे निर्विवाद. त्यापलीकडचा भाग तर्कच समजावा.

ही तिन्ही मूलद्रव्ये मेंडेलेव्ह यांच्या हयातीत सापडली : गॅलियम १८७५ मध्ये, स्कँडियम १८७९ मध्ये व जर्मेनियम १८८६ मध्ये. गॅलियमची घनता फ्रेंच संशोधक ल्कॉक द ब्वाबोद्रां यांनी प्रथम ४·७ दिली. ती ५·९ च्या आसपास असली पाहिजे, नमुना पुन्हा शुद्ध करून पाहावा, असे मेंडेलेव्ह यांनी कळविले. धातू त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. नमुना शुद्ध केल्यावर घनता ५·९ भरली.

एवढी भाकिते खरी ठरविणाऱ्या या सारणीत हीलियमला मात्र घर नव्हते. रिकामे घरसुद्धा नव्हते. याचे कारण सारणीच्या रचनेतच आहे. मेंडेलेव्ह यांनी सोडलेली रिकामी घरे ज्ञात स्तंभांतील होती. वर-खालची मूलद्रव्ये ठाऊक असल्यामुळे मधले ओळखता येत होते. स्तंभ ठरत असे तो संयुजेवरून, म्हणजे एक मूलद्रव्य दुसऱ्याशी किती प्रमाणात संयोग पावते यावरून. जी मूलद्रव्ये कोणाशीच संयोग पावत नाहीत, त्यांचा अख्खा स्तंभच गैरहजर होता आणि त्याची उणीव भासण्याजोगे एकही चिन्ह सारणीत उरले नव्हते. वर्णमालेतून एक वर्ण गळाला तर तो जाणवतो. पाचही अनुनासिके गळाली असती, तर उरलेला चार स्तंभांचा तक्ता पूर्णच वाटला असता. मेंडेलेव्ह हीलियमविषयी दीर्घकाळ साशंक राहिले. ही रेषा एखाद्या ज्ञात मूलद्रव्याचीच, भिन्न तापमान व दाब यांमुळे निर्माण झालेली असावी, असा त्यांचा कल होता.

शून्य गट : हा प्रश्न सुटला तो सूर्यामुळे नव्हे, हवेमुळे. लॉर्ड रॅली हे नायट्रोजनाची घनता मोजत होते. हवेतून मिळविलेला नायट्रोजन दर लिटरला १·२५७ ग्रॅम भरे, तर रासायनिक संयुगांपासून मिळविलेला १·२५१ ग्रॅम. अर्ध्या टक्क्याचा हा फरक दुर्लक्षिण्याजोगा वाटावा. रॅली यांनी तो दुर्लक्षिला नाही. विल्यम रॅम्झी (१८५२–१९१६) यांच्या सहकार्याने १८९४ मध्ये त्यांनी हवेतील नवा वायू वेगळा केला. तो कशाशीही संयोग पावत नसल्यामुळे त्यास ‘आळशी’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘आर्गॉन’ हे नाव मिळाले. हवेत तो सु. ०·९३ टक्के आहे. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर मनुष्य तो घेत आला होता आणि त्याची कोणास गंधवार्ताही नव्हती.

आर्गॉनचा अणुभार सु. ४० आला आणि सारणीपुढे संकट उभे राहिले. ४० च्या जागेवर कॅल्शियम होते, ३९ वर पोटॅशियम. तेथे नव्यास वाव नव्हता. हा वायू मूलद्रव्य नसून तीन अणूंचा नायट्रोजन असावा, असे मेंडेलेव्ह यांनी सुचविले. परंतु वायूच्या विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १·६७ आले होते व त्यावरून त्याचा रेणू एकाच अणूचा आहे हे दिसत होते. सारणी चुकीची मानावयाची की वायू, असा हा पेच होता.

अशा स्थितीत मार्च १८९५ मध्ये रॅम्झी यांनी क्लीव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर अम्लाची क्रिया करून निघालेला वायू तपासला. त्यांना आर्गॉन हवा होता. वर्णपटात दिसली ती पिवळी रेषा. विल्यम क्रुक्स यांनी ती मोजून सूर्यातील रेषेशी जुळते असा निर्वाळा दिला. सत्तावीस वर्षांपूर्वी जमखंडीच्या ढगांतून दिसलेला वायू प्रयोगशाळेतील नळीत आला. त्याच्याही रेणूत एकच अणू होता, तोही कशाशी संयोग पावत नव्हता आणि त्याचा अणुभार सु. ४ होता. हायड्रोजन (१) व लिथियम (७) यांच्या मध्ये, जेथे कोणी काही शोधलेच नव्हते, तेथे तो बसत होता.

एक वायू अपवाद म्हणून दृष्टिआड करता येतो. दोन वायूंचा स्तंभ होतो. हीलियम लिथियमच्या आधी आणि आर्गॉन पोटॅशियमच्या आधी ठेवले, तर हॅलोजने व अल्क धातू यांच्या मध्ये शून्य संयुजेचा नवा गट तयार होतो हे रॅम्झी यांच्या लक्षात आले. मग त्या गटात सोडियमच्या आधी, २० च्या आसपास अणुभाराचा एक वायू असलाच पाहिजे, असे त्यांनी १८९७ मध्ये टोराँटो येथे जाहीरपणे सांगितले. मेंडेलेव्ह यांचीच रीत ही. फक्त ती आता त्यांनी न पाहिलेल्या स्तंभाला लावली गेली. १८९८ च्या उन्हाळ्यात रॅम्झी व एम. डब्ल्यू. ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन हे तीन वायू काढले. निऑनचा अणुभार २० आला. मेंडेलेव्ह यांनी शून्य गट मान्य केला आणि या गटामुळे आवर्तनियम अधिक बळकट झाला, असे मत दिले. रॅली व रॅम्झी यांना १९०४ ची नोबेल पारितोषिके मिळाली.

याच कालखंडात कोल्हापूर येथे रसायनशास्त्र मराठीत आणण्याचे काम चालू होते. राजाराम महाविद्यालयात विज्ञान शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी रसायनशास्त्र व इतर विज्ञानशाखांवर मराठीत पुस्तके लिहिली. दक्षिणेतील राज्यांचे इतिहासकार म्हणूनही ते ओळखले जातात. अशा लेखकांपुढील अडचण मोठी होती. सोने, रुपे, तांबे, लोखंड, शिसे, कथिल, जस्त, पारा व गंधक यांना भाषेत जुनी नावे होती. बाकीच्या मूलद्रव्यांसाठी शब्द घडवावे किंवा परके शब्द घ्यावे लागत. त्या काळापासून घडत आलेल्या शब्दांपैकी काही आज पाठ्यपुस्तकांपेक्षा शेतात अधिक टिकून आहेत. पंचगंगेच्या काठी ऊस पिकविणारा शेतकरी खतांसंबंधी बोलताना नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम असे न म्हणता नत्र, स्फुरद, पालाश असे म्हणतो. त्यांपैकी नत्र व स्फुरद सारणीत एकाखाली एक आहेत आणि त्याच स्तंभात तिसरे घर सोमलातील आर्सेनिकाचे आहे. जुन्या नावांमधून हे नाते दिसत नाही. ते सारणीतच दिसते.

कोरोनियम : १८६८ नंतर वर्षाच्या आत अमेरिकेत दिसलेल्या ग्रहणात सूर्याच्या किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा आढळली. तीही कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून तिच्या अज्ञात जनकास ‘कोरोनियम’ असे नाव देण्यात आले. १८९८ मध्ये भारतात दिसलेल्या ग्रहणाचे वेध विजयदुर्ग येथे लॉक्यर यांच्या मोहिमेने घेतले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे के. डी. नायगमवाला यांनी व अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल यांनी घेतले. या ग्रहणातील मोजण्यांवरून हिरव्या रेषेची तरंगलांबी पूर्वी मानत त्याप्रमाणे ५,३१७ नसून ५,३०३ अँगस्ट्रॉम आहे हे निश्चित झाले. त्यामुळे ती ज्या लोखंडाच्या रेषेशी एकरूप समजली जात होती तिच्यापासून वेगळी झाली आणि नव्या मूलद्रव्याचा दावा उलट बळावला. हीलियमच्या बाबतीत एकदा चूक झाल्यावर मेंडेलेव्ह आता उदार झाले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी शून्य गटात, हायड्रोजनाच्याही अलीकडे, कोरोनियमला घर देऊ केले.

अणुभाराच्या सारणीत असे करता येणे शक्य होते, हीच तिची उणीव. अणुभार अपूर्णांकी असतात व त्यांच्यामधील अंतरे अनियमित असतात. १ च्या खाली ०·४ अणुभाराचे काही असू शकत नाही, असे म्हणण्यास आधार नव्हता. हा आधार १९१३-१४ मध्ये एच. जी. जे. मोझली या तरुण इंग्रज भौतिकीविज्ञांनी मिळवून दिला. निरनिराळ्या मूलद्रव्यांपासून निघणाऱ्या क्ष-किरणांची कंप्रता मोजून त्यांनी असे दाखविले की, तिचे वर्गमूळ एकेका मूलद्रव्यागणिक समान पायरीने वाढत जाते. ही पायरी म्हणजे अणुकेंद्रावरील धन विद्युत् भार होय. त्यालाच अणुक्रमांक म्हणतात. अणुक्रमांक पूर्णांकच असतो. कोबाल्ट २७ व निकेल २८, टेल्यूरियम ५२ व आयोडीन ५३, आर्गॉन १८ व पोटॅशियम १९ असे क्रम लागले आणि अणुभारामुळे पडलेला घोळ मिटला. ४३, ६१ व ७५ ही घरे रिकामी आहेत हेही कळले. ती पुढे टेक्नेशियम, प्रोमेथियम व ऱ्हेनियम यांनी भरली. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोली येथे युद्धात मारले गेले. त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते.

हायड्रोजन १ व हीलियम २. त्यांच्या मध्ये किंवा अलीकडे पूर्णांक नाही, म्हणून मूलद्रव्यही नाही. कोरोनियमचा दावा येथे तत्त्वतः संपला, जरी रेषेचा उलगडा व्हावयास आणखी पाव शतक गेले. व्हाल्टर ग्रोट्रिआन व बेंग्ट एडलेन यांच्या १९३९ ते १९४३ या काळातील कामामुळे ती रेषा लोखंडाचीच ठरली. परंतु तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. एवढे इलेक्ट्रॉन उडविण्यास लाखो अंशांचे तापमान लागते आणि सूर्याचे किरीट तितके तप्त आहे, ही अनपेक्षित माहिती त्यातून मिळाली. पिवळी रेषा व हिरवी रेषा यांचे पुरावे मुळात एकाच प्रतीचे होते. पहिलीस सारणीत पूर्णांकाचे घर मिळाले. दुसरीसाठी घर शिल्लक नव्हते.

रचनेचे कारण : आवर्तांची लांबी अनुक्रमे २, ८, ८, १८, १८, ३२ व ३२ अशी का असावी, याचे उत्तर पुंज सिद्धांताने दिले. अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन कवचांत असतात आणि कवचांची धारकता २, ८, १८, ३२ अशी ठराविक असते. बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांची संख्या व मांडणी सारखी असली, की रासायनिक वर्तन सारखे असते. म्हणून गुणधर्मांची आवृत्ती होते. तिसरे कवच १८ इलेक्ट्रॉनांचे असूनही तिसरे आवर्त ८ वरच संपते, कारण त्या कवचाचा उरलेला भाग भरण्यापूर्वी चौथ्या कवचात दोन इलेक्ट्रॉन जाणे ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचे असते. मागे राहिलेली ती दहा घरे चौथ्या आवर्तात भरली जातात व तेथे लोखंड, तांबे इ. संक्रमणी मूलद्रव्ये येतात. विरल मृत्तिका मूलद्रव्यांची सारणीखाली वेगळी काढलेली ओळ हा असाच, आणखी आतील कवच मागाहून भरण्याचा परिणाम आहे. ती ओळ खाली असते ती केवळ कागदाच्या रुंदीसाठी.

आर्गॉन व पोटॅशियम यांच्या अणुभारांच्या उलट्या क्रमाचे कारणही मनोरंजक आहे. पृथ्वीवरील जवळजवळ सर्व आर्गॉन ४० वस्तुमानांकाचा असून तो पोटॅशियमच्याच एका किरणोत्सर्गी समस्थानिकापासून खडकांत तयार झालेला आहे. ताऱ्यांमध्ये आर्गॉन मुख्यतः ३६ वस्तुमानांकाचा असतो. म्हणजे १८९४ चे संकट विश्वव्यापी नव्हते. ते या ग्रहापुरते होते. हीलियमचेही असेच आहे. क्लीव्हाइटमध्ये तो सापडला, कारण युरेनियमपासून बाहेर पडणारे आल्फा कण म्हणजे हीलियमची अणुकेंद्रेच होत, हे रदरफर्ड व रॉइड्स यांनी १९०९ मध्ये सिद्ध केले.

हीलियमच्या स्थानाविषयीचा वाद अजूनही पूर्णपणे मिटलेला नाही. त्याच्या अणूत दोनच इलेक्ट्रॉन असून बाह्य कवचातील इलेक्ट्रॉनांची संख्या पाहिली, तर तो बेरिलियम, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्या दुसऱ्या गटात बसावयास हवा. फ्रेंच अभ्यासक शार्ल जाने यांनी १९२८ च्या आपल्या सारणीत त्यास तेथेच बसविले आणि आजही काही रसायनशास्त्रज्ञ त्या मांडणीचा पुरस्कार करतात. परंतु पहिल्या कवचाची धारकताच दोन असल्यामुळे हीलियमचे कवच पूर्ण भरलेले असते. त्यातून इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा सर्व मूलद्रव्यांत अधिक, २४·६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. रसायनशास्त्रज्ञाला या वर्तनाचे महत्त्व अधिक वाटते व म्हणून शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या सारणीत हीलियम १८ व्या गटाच्या माथ्यावर, निऑनच्या वर आहे. या गटास आता शून्य गट म्हणत नाहीत. नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये झेनॉनचे संयुग तयार केल्यापासून ‘शून्य संयुजा’ हा शब्दप्रयोग अपुरा ठरला आहे. प्रचंड दाबाखाली सोडियम व हीलियम यांचे स्थिर संयुगही तयार होते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १८६८ मध्ये ज्या दोन रेषांची गल्लत झाली त्यांच्याच मूलद्रव्यांचे हे संयुग होय. याच गटाच्या तळाशी ११८ अणुक्रमांकाचे ओगानेसॉन असून त्याच्या नावास २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्याचे मोजकेच अणू आजवर निर्माण करता आले आहेत व ते सामान्य तापमानास वायुरूप नसावे, असे सैद्धांतिक गणितांवरून दिसते.